आमच्या साडूंचा लेखक

एखाद्या लेखकावर आमच्या साडूंनी जितकं प्रेम केलं आणि त्याच लेखकाचे त्यांनी जितके वाभाडे काढले, तितकं आजवर कुणी कुणासाठी केलं नसेल. साडू म्हणजे माझ्या मेव्हणीचे यजमान, सोलापुरातले दातांचे डॉक्टर. लेखक मात्र परदेशी. राजे, तलवारी, उडते अजगर आणि बोलणारी जंगलं यांच्यावर त्यानं उशीएवढे जाड खंडांवर खंड लिहिलेत. त्याचं नाव मी इथं घेत नाही. घेतलं, तर साडू तासाभरात आमच्या दाराची बेल वाजवतील आणि जेवूनच जातील.

त्यांच्या दवाखान्यात दातांच्या तक्त्याशेजारी त्या लेखकाच्या काल्पनिक मुलखाचा भलाथोरला नकाशा टांगलाय. एकदा करकंब गावच्या एक आजी दाढ काढायला आल्या. नकाशा बराच वेळ न्याहाळून त्यांनी विचारलं, "डाक्टर, ह्यात करकंब कुटं हाय?" साडूंनी हातातला चिमटा अजगरांच्या डोंगराखाली टेकवला आणि गंभीरपणे म्हणाले, "हितं धरा." आजींना पटलं. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना त्यांनी तो डोंगर आपण लहानपणी चढल्याचंही सांगितलं.

साडूंची खरी व्याख्यानं पेशंटच्या खुर्चीपाशी चालतात, कारण तोंडात यंत्र घातलेला माणूस वाद घालू शकत नाही. माझं रूट कॅनल चाललं होतं तेव्हाची गोष्ट. "साडूभाऊ, वेढा लिहावा तर ह्यानंच!" ते म्हणाले. "किल्ल्यातलं धान्य संपतंय, आणि हितं आपल्याला कापरं भरतंय." हे मात्र खरं होतं. तो वेढा वाचता वाचता त्यांनी घरात ज्वारीची पोती आणून टाकली होती, आणि मेव्हणी पुढं कित्येक महिने दिसेल त्याला भाकरी वाढत होती. "पण नदी ओलांडायला अख्खा खंड? अन् राजा जेवायला बसला की हा बाबा प्रत्येक वाटीत डोकावणार! बायका तर सगळ्या खिडकीत उभ्या. राज्य बुडालं तरी खिडकीतच! खरं का न्हाय?" मी 'आँ' केलं. ते मला दुखलं होतं म्हणून, पण साडूंनी त्याला अनुमोदन समजून पुढचा खंड काढला.

हे दोष काढायचा हक्क मात्र फक्त त्यांचा. दुसऱ्या कुणी त्या लेखकाविरुद्ध अवाक्षर काढलं, की साडू त्याचे वकील होतात. ही गोष्ट त्यांच्या एकुलत्या एका लेकीला चांगली ठाऊक होती. म्हणूनच तिनं लग्नासाठी पसंत केलेला अक्कलकोटचा मुलगा पहिल्यांदा घरी आला, त्या दिवशी तिनं मला आणि माझ्या बायकोला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पुस्तकांचा विषय काढू नकोस, असं तिनं त्याला बजावलंही होतं. पण काचेच्या कपाटात ते खंड दिसल्यावर त्या बिचाऱ्याला राहवलं नाही.

"काका, सगळे खंड आहेत तुमच्याकडे? लई भारी लिहितो की! फक्त त्याला बायका लिहिता येत नाहीत. सगळ्या आपल्या खिडकीत उभ्या."

साडूंच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. "खिडकी म्हणजे नुसती खिडकी नसते," ते म्हणाले.

"पण काका, राज्य बुडालं तरी?"

"बुडणारं राज्य बघायला कुणीतरी नको?"

मुलगा नम्र होता, पण हटेना. आतून मेव्हणी "पानं घेतलीत" म्हणून हाका मारत होती, वांग्याचं भरीत निवत होतं. शेवटी साडू ताडकन उठले. "ज्याला लेखक समजला न्हाई, त्याला माझी पोरगी काय समजणार?" एवढं म्हणून ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मुलगा चपला शोधू लागला. माझी बायको माझ्याकडे बघायला लागली, जणू तो लेखक मीच होतो.

लेक उठली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "बाबा, ते खिडकीचं वाक्य त्याचं नाही. तुमचं आहे. मीच त्याला सांगितलं होतं. आमची ओळखच ह्या पुस्तकांवरून झाली."

मग दार उघडलं. डोळे पुशीत साडू बाहेर आले आणि मुलासमोर उभे राहून त्यांनी दरडावलं, "वेढ्याबद्दल काय मत हाय?"

"काका, वेढा उठेपर्यंत मला जेवण गेलं नव्हतं."

"अगं, मग वाढ की त्याला!" साडू स्वयंपाकघराकडे ओरडले.

लग्न झालं, जावयाच्या नोकरीमुळे लेक पुण्याला गेली. पुढं त्या मालिकेचा शेवटचा खंड आला. साडू आता आठवडाभर बोलतील अशी मनाची तयारी करून मी रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो. ते गॅलरीत बसले होते. खंड मांडीवर, खूण शेवटच्या पानांजवळ.

"कसा आहे?" मी विचारलं.

"बरा हाय." एवढंच. एकही दोष काढला नाही. थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "लढाई संपली. एकेक जण आपापल्या घरी निघालाय."

"मग वाचून टाका की. राहिलंय किती!"

त्यांनी पुस्तकावर तळहात ठेवला. "नको. पोचले की संपलं. वाटेत हायेत तोवर बरंय."

मेव्हणीनं चहा आणून ठेवला. आम्ही दोघं खालच्या रस्त्याकडे बघत तो सावकाश प्यालो.