जमिनीखालचं झाकण

चंद्रपुरात आमच्या घराखाली अब्बांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि मोर्च्याची पत्रकं एकाच मशीनवर निघतात. पहिल्या ओळीला माणूस थांबला नाही तर तो कागद भजी बांधायला जातो, एवढं मला शाळेच्या आधीपासून कळतं. म्हणून माझ्या पत्रकांत अक्षर मोठं, वाक्य छोटं आणि 'कदाचित' हा शब्द कुठेच नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी चिमूरकडच्या गावांत कुणकुण आली, की कोळसा जाळून निघणारा कार्बन वायू दाबून आमच्या जमिनीखाली पुरणार आहेत. मी पेटलेच. आधी खालून कोळसा काढला, धूर आमच्या नाकात घातला, आणि उरलेला वायूही आमच्याच खाली ठेवणार? त्यासाठी जमीन तपासायला नागपूरहून एक मॅडम आल्या होत्या, जुन्या नद्यांच्या गाळाचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनाच गाठलं.

"तुम्ही कोणाच्या बाजूनं आलात?" मी विचारलं.

"अजून ठरायचंय. हे धर," म्हणाल्या, आणि दगडांनी भरलेली पिशवी माझ्या हातात दिली.

मग त्यांनी एक खडा फोडला, कपचा तोंडात टाकला आणि पुढच्या दातांनी चावला. मी बघतच राहिले. "वाळूचा कण असला की दातांत करकरतो. निव्वळ चिकणमाती लोण्यासारखी लागते. नंतर यंत्रही हेच सांगतं, फक्त फार वेळ लावतं."

भांडायला गेले होते, ती पुढचे तीन महिने त्यांच्या जीपमध्ये बसून हिंडले. निवृत्तीला आलेली बाई, गुडघा दुखरा, पण नाल्याचा काठ दिसला की आधी खाली उतरणार. तरुणपणी एटापल्लीच्या जंगलात दगड गोळा करताना म्हाताऱ्या बाया त्यांना विचारायच्या, घरी दगड नाहीत का? माजरीच्या खाणीच्या कडेला उभं करून त्यांनी मला भिंत वाचायला शिकवली. काळा पट्टा म्हणजे दलदलीतलं जंगल, पिवळा म्हणजे नदीची वाळू, तांबडा म्हणजे पुराचा चिखल. "ही नदी वाहत होती तेव्हा पृथ्वीवर फूल म्हणून काही नव्हतं," त्या म्हणाल्या, ते असं, की जणू त्यांच्या माहेरची नदी.

त्यांचं काम एका गोष्टीवर होतं. खोलवरच्या चिकणमातीचा थर वायूवर झाकणासारखा बसतो. पण एखाद्या जुन्या नदीने तो थर कापून त्यात वाळू भरली असेल, तर झाकणाला भोक. चार ठिकाणी बोअर मारून त्यांनी दगडाचे लांब तुकडे बाहेर काढले होते. चारही ठिकाणी चिकणमाती होती, पण पश्चिमेकडे पातळ होत गेलेली. पाचवा बोअर पश्चिमेच्या टोकाला, एका धानवाल्या भाऊंच्या शेताजवळ घ्यायचा होता.

त्या भाऊंनी आम्हाला त्यांची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, दाखवली. "बाजूच्या बांधीत टोंगळ्याएवढं पानी राह्यते. इथी दुसऱ्या दिवशी कोरडं. खाली जुना नाला असन."

मॅडम खूश झाल्या. "बरोबर ओळखलंत, भाऊ. हा वरचा नाला, अलीकडचा. खूप खाली असाच एखादा असेल का, ते मात्र बोअर मारल्याशिवाय नाही कळायचं."

मी अर्धंच ऐकलं. त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं: झाकण फुटलेलं आहे! शास्त्रज्ञांनी डोळ्यांनी पाहिलं! जमिनीतून वायू निघणार! सोबत त्या बांधीचा फोटो.

अब्बांनी मशीन लावायच्या आधी वाचलं. "हे मॅडम बोल्ल्या का?"

"अर्थ तोच आहे."

"अर्थ नाई विचारून राह्यलो मी."

मी पत्रक छापून घेतलंच.

बोअरची मशीन गावाच्या वेशीवर पोचली, तेव्हा बाया रस्त्यात बसलेल्या होत्या. हातात माझं पत्रक. भाऊ म्हणाले, "पोरी, तूच लिवलं ना? जमिनीतून वायू येते म्हणून? मंग भोक पाडू कशाले द्यायचं?"

मॅडमनी जीपमध्ये बसून पत्रक शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घालून पिशवीत ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी महिनाअखेर निवृत्त होते. पाचवा बोअर झाला नाही, तर अहवालात चारच येतील. चारही ठिकाणी झाकण शाबूत आहे."

"पण तुम्हाला शंका आहे ना!"

"शंकाही लिहीन. तिला किती विचारतील, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." मग डबा उघडून माझ्यासमोर सरकवला. "जेव आधी."

वायू पुरणाऱ्यांना हवा तसा अहवाल मी माझ्याच हाताने तयार करून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभेत उभी राहिले. "मी चुकीचं लिहिलं. झाकण फुटलेलं कोणी पाहिलेलं नाही."

"मंग काल खोटं बोलत होती का आज बोलून राह्यली?" मागून एक बाई.

"घोषना तं लय मोठ्यानं देते! आज आवाज काऊन बसला?"

सगळे हसले. भाऊ मात्र हसले नाहीत. "मले एकच सांग. या भोकातून काही निघन का?"

मी कडेला बसलेल्या मॅडमकडे पाहिलं. त्यांनी हनुवटीनं मलाच खूण केली. मीच बोलले, "नाही भाऊ. खाली अजून काही भरलंच नाही, तर निघेल काय? भरण्याच्या आधी बघायचं म्हणून तर हा बोअर."

"मंग हे पयले लिवाचं ना, बाई!"

परवानगी मिळाली. अट दोन: मशीन शेताच्या धुऱ्याच्या कडेनं न्यायची, लाखोळीच्या उभ्या पिकावरून नाही, आणि काम संपेपर्यंत मी तिथून हलायचं नाही.

हवा तो तुकडा बाराव्या दिवशी वर आला. मॅडमनी तो धुतला आणि तांबडा कपचा माझ्या तळहातावर ठेवला. "चाव."

करकर लागावी म्हणून मी मनातल्या मनात काय काय नवस केले असतील! लागलं लोणी. "मऊ आहे," मी सांगितलं. आयुष्यात इतकं जड वाक्य मी बोलले नव्हते.

"आता हा." खालचा तुकडा करकरला. वरचाही. मधे फक्त वीतभर चिकणमाती.

"झाकण आहे," मॅडम म्हणाल्या, "पण काय पातळ आहे बघ! नदी इथेच कुठेतरी होती." पस्तीसेक वर्षं दगड चावलेली ती बाई दुखरा गुडघा विसरून तुकड्यांच्या पेटीभोवती फिरत होती.

त्यांच्या निरोपाच्या दिवशी नवं पत्रक घेऊन नागपूरला गेले. पाचव्या बोअरला वीतभर चिकणमाती आहे, खाली-वर वाळू आहे, पलीकडे काय ते माहीत नाही. माहीत झाल्याशिवाय काही भरू देऊ नका. अब्बांनी या वेळी काही न विचारता मशीन लावली होती. गठ्ठा अजून सुटायचा होता.

मॅडमनी चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं.

"वीतभर नव्हती. दोन बोटं कमी होती."

"मॅडम, सगळी छापून झालीत!"

"मग?" त्यांनी पेन उघडलं, गठ्ठ्याची दोरी सोडली आणि अर्धी पत्रकं स्वतःकडे ओढली.