पेटीची आयुधपूजा

त्याचं नाव मी विचारलं नाही. माझ्या मुलाच्या पितळी भांड्यांच्या दुकानात संगणक जोडून देणारा तो पोरगा दोनदाच आला. दुकानातल्या आणि स्वामीमलै गावच्या कारखान्यातल्या संगणकांना जोडणारी एक पेटी आहे, तिला स्विच म्हणतात. कुठला निरोप कुठल्या वाटेने पाठवायचा, ते त्याने तिच्यात लिहून दिलं. लिहिताना तो चपला बाहेर काढून मांडी घालून बसला आणि पूजा सांगावी तसे आकडे पुटपुटत होता.

आयुधपूजेला मी तराजू, हातोडे, ती पेटी, सगळ्यांना चंदन-कुंकू लावलं. त्या दिवशी हत्यारांना कामाला लावायचं नसतं, म्हणून पेटीही बंद केली. दुसऱ्या दिवशी चालू केली तर दिवे लागले, पण स्वामीमलैला एकही ऑर्डर जाईना.

तो पोरगा धावत आला. पेटीवरचं कुंकू पाहून त्याने आधी हात जोडले, मग तेच कपाळावर मारून घेतले.

"पाट्टी," आजीला हाक मारावी तसा तो म्हणाला, "ही सगळ्या वाटा विसरली!"

"एका दिवसाच्या विश्रांतीने? मी ऐंशीची झाले, मला अजून घर सापडतं."

"मी सेव्ह करायला विसरलो. तुमच्या मुलाने आमच्या साहेबांना फोन केला तर माझी नोकरी जाईल. वीज गेली होती म्हणा ना."

"खोटं बोलणार नाही. आधी लिही."

त्याने सगळं पुन्हा लिहिलं, सेव्ह केलं आणि मला तीनदा दाखवलं. मला इंग्रजी येत नाही, तरी मान हलवली.

मुलाने विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं. "पेटी मी बंद केली."

तो तासभर ओरडला. ओरडू दे. आईला कामावरून काढता येत नाही.