उतरत्या गॅरेजातलं मैदान

माझ्या थोरल्या भावाला सगळे ‘केसभर’ म्हणतात. बिलियर्डचं टेबल बसवताना तो चार-चार तास खपतो, बघणारे म्हणतात झालं, आणि हा म्हणतो, केसभर राहिलंय. मग पुन्हा गुडघ्यावर. एकोणचाळीस वर्षं त्याने हेच केलं. क्लबांत केलं, हॉटेलांत केलं, एका सर्कसवाल्याच्या बंगल्यातसुद्धा केलं. तो टेबलाच्या दगडी लाद्या सपाटीत आणायचा आणि मी त्यांच्यावर हिरवं कापड ताणायची. माझ्या कापडावर एक सुरकुती दिसली तर नाव बदलेन, असं मी कुणालाही सांगते. अजून नाव तेच आहे.

सपाटी मापायच्या पाणसळीच्या बुडबुड्यावर दादाचा विश्वास नाही. तो टेबलावर चेंडू अगदी हळू सोडतो आणि डोळे बारीक करून बघत राहतो. चेंडू थांबायच्या आधी ज्या अंगाला कलतो ते अंग खाली. मग त्या पायाखाली जाड कागदाची एक चिंधी सारायची आणि पुन्हा चेंडू सोडायचा. हे बघायला मजा येते, पण पहिली पाच मिनिटंच.

बिलियर्डचे दिवस सरले. मागच्या वर्षी आम्ही दोन टेबलं बसवली आणि अकरा उचलून बाहेर काढली. अशात खेळाच्या सामानाचा एक दुकानदार आमच्या कारखान्यात आला. त्याने घरातल्या घरात गोल्फ खेळायची यंत्रं विकायला घेतली होती. पायाखाली गवतासारखी चटई, समोर मोठा पडदा, आणि चेंडू मारला की तो मैदानात कुठे गेला असता ते यंत्र पडद्यावर दाखवणार. त्याला जोडणी करणारं कुणीतरी हवं होतं.

“एक काम करून दाखवा,” तो म्हणाला. “शनिवारी मी स्वतः बघायला येतो. जमलं तर पुढची सगळी कामं तुमची. नाही जमलं तर माझ्याकडे दुसरी माणसं आहेत.”

हे काम गेलं असतं तर कारखान्याला कुलूप लागलं असतं. उपाशी कुणी मेलं नसतं, माझा मुलगा चांगलं मिळवतो. पण त्रेसष्टाव्या वर्षी दादा खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजतोय, हे मला बघवलं नसतं.

पहिलं घर दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. गाडी धुतली की पाणी बाहेर पडावं म्हणून त्यांच्या गॅरेजची जमीन मागच्या भिंतीपासून दारापर्यंत उतरती केलेली. तीन पावलांत चांगला दोन बोटं उतार.

“दोघंजण बघून गेले,” बाई म्हणाल्या. “म्हणाले, सगळी जमीन फोडावी लागेल.”

दादा हसला. “फोडायची कशाला? आम्ही जहाजावर टेबल बसवलंय.”

ते जहाज धक्क्याला कायमचं बांधलेलं होतं आणि त्यात उपाहारगृह चालायचं.

तीन दिवस काम चाललं. दादाने लोखंडी चौकट केली, तिला वर-खाली करता येणारे चार पाय बसवले, वर प्लायवूड आणि त्यावर चेंडू ठेवायची चटई. यंत्रही त्याच चौकटीवर. खेळणाऱ्याला उभं राहायला शेजारी जमिनीवर रबराचा जाड पट्टा टाकला. मी मागच्या भिंतीपुढे पडदा बांधला. तो कापडासारखा ताणून चालत नाही, चेंडू उलटा येऊन कपाळमोक्ष व्हायचा. हाताने चेंडू फेकून फेकून मी त्याला इतपत ढिला ठेवला, की चेंडू पडद्याला लागायचा आणि मुकाट्याने खाली पडायचा.

शुक्रवारी दादाने चटई बाजूला करून प्लायवूडवर चेंडू सोडला. चेंडू जरा पुढे गेला आणि जागच्या जागी थांबला. दादा माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू त्याने पृथ्वीच सपाट केली आहे.

शनिवारी दुकानदार कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. डॉक्टरीणबाईंनी हातमोजा चढवला, काठी घेतली, मारलं. पडद्यावर चेंडू डावीकडे झाडांत शिरला. दुसराही डावीकडे. पाचवा तळ्यात.

“सवयीचा प्रश्न आहे, मॅडम,” दुकानदार म्हणाला. “यंत्र काही खोटं बोलत नाही.”

बाईंनी हातमोजा काढला आणि स्वतःचा हात उलटा-सुलटा करून बघितला. “मैदानावर तर सरळ जायचा,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यातही हल्ली मनात येतं, की हात पूर्वीचा राहिला नाही. बत्तीस वर्षं झाली. हा हात लोकांच्या तोंडात सुई घालतो. तोच असा भरकटत असेल तर आता थांबायला हवं.” दुसऱ्याच कुणाचा तरी तपासणीचा कागद वाचावा तशा त्या बोलल्या.

दुकानदाराने दादाच्या पाठीवर थाप मारली. “तुमचं काम मात्र सुबक झालंय. सोमवारी दुकानात या, पुढच्या कामांची यादीच देतो.”

माझ्या जिवात जीव आला. दादाचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. तो बाईंच्या पायांकडे बघत होता. मीही बघितलं. बाईंचा डावा पाय भिंतीकडे वर, उजवा दाराकडे खाली, आणि सगळं अंग तिरपं, म्हणून चेंडू डावीकडे. बिलियर्डच्या खेळात टेबल तेवढं सपाट लागतं, खेळणारा कुठे का उभा राहीना. एकोणचाळीस वर्षांत माणसाचे पाय आम्ही हिशेबात धरलेच नव्हते.

खोटं कशाला बोलू, मी दादाच्या कोपराला चिमटा काढला. गप्प राहा, यादी हातात पडू दे, मग गुपचूप दुरुस्त करू, असा त्याचा अर्थ होता आणि तो त्याला कळला होता.

“बाई, तुमचा हात सरळ आहे,” दादा म्हणाला. “मी चेंडूखालची जागा सपाट केली आणि तुम्हाला उतारावर उभं केलं. चूक माझी आहे.”

दुकानदाराचा चेहरा पडला. “अहो, ग्राहकासमोर असं बोलतात का?”

“मग कुणासमोर बोलू? हात त्यांचा आहे.”

“मग सोमवारचं राहू द्या. मी बघतो काय ते,” असं म्हणून दुकानदार निघून गेला. ‘बघतो’ म्हणजे काय ते आमच्या धंद्यात पोरासोरांनाही कळतं.

घरी आल्यावर मी तोंड उघडलं. ते बराच वेळ मिटलं नाही. दादाने सगळं ऐकून घेतलं. “अगं, माझ्या उतारापायी ती बाई दवाखाना बंद करायला निघाली होती,” एवढंच म्हणाला. त्यामुळे मला आणखी राग आला. त्याचा आला की स्वतःचा, ते मी आजवर ठरवलेलं नाही.

रविवारी सकाळी लाकडं घेऊन आम्ही पुन्हा हजर. दादाने लाकडं निमुळती कापली, दाराकडे जाड आणि भिंतीकडे पातळ. मध्ये पाण्याला वाट सोडली आणि वर एकच मोठा मंच केला. यंत्र, चेंडू आणि माणूस, तिन्ही त्यावर. मग चटया पसरायच्या आधी त्याने मला मध्ये उभं केलं, माझ्या दोन पायांमधून चेंडू सोडला, नंतर माझ्या मागून, नंतर पुढून. “डावा पाय जड वाटतो का? उजवा?” मी तासभर खांबासारखी उभी होते आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

दुपारी बाईंनी मारलं. चेंडू सरळ गेला. दुसरा सरळ. तिसरा सरळ. चौथा थोडा उजवीकडे गेला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “हा माझा.” मग तिथूनच त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

“जोडणी उत्तम झालीय. माझ्या तीन मैत्रिणींना तुमचं यंत्र घ्यायचंय. पण बसवायला हीच दोघं येणार असतील तर.” पलीकडचं थोडं ऐकून घेतलं. “सुबक काम करणारे पुष्कळ असतील हो. काल माझ्या हाताबद्दल खरं कोण बोललं, तुम्ही का ते?”

त्यांनी फोन दादाकडे दिला. दादाने तो कानाला लावला. मग “बरं” म्हणाला आणि फोन परत केला.

“उद्या बोलावलंय,” तो मला म्हणाला. काल सगळ्यांसमोर चूक कबूल करताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. आत्ता हलला.