साडेपाचची यष्टी

माझ्या बायकोच्या मामांइतका जुन्या चित्रपटांवर अधिकाराने बोलणारा माणूस वसईपासून विरारपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि त्यांनी त्यातला एकही चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला नाही. मामांची निर्मळला केळीची आणि फुलांची वाडी. तरुणपणी रविवार आला की ते वसईच्या टॉकीजमध्ये तीनचा खेळ गाठत. पण संध्याकाळी सहाला विहिरीवरचं इंजिन सुरू होऊन बागेला पाणी गेलंच पाहिजे, असा त्यांच्या वडिलांचा दंडक होता, आणि त्यासाठी साडेपाचची यष्टी पकडावी लागे. म्हणून मामा नेहमी दाराजवळची खुर्ची धरत. सव्वापाच झाले की पडद्यावर आग लागलेली असो नाहीतर लग्न, ते पायांनी चपला चाचपत उठत. शेवटची वीस मिनिटं त्यांच्या नशिबात नव्हती.

त्यांच्या मतांना मात्र यामुळे कसलीही बाधा आलेली नाही. चित्रपटांची नावं ते घेत नाहीत. ‘ते दोन बहिणींचं’, ‘ते आंधळ्या मास्तराचं’ असं म्हणतात आणि समोरच्याला कळलं नाही तर त्याची कीव करतात. एका गाजलेल्या नायिकेवर त्यांचा अजून राग आहे, कारण ती गाणंभर केळीला टेकून रडली. ‘केळीला टेकून कोण रडतं? चीक लागला तर लुगड्याचा डाग जन्मात जात नाय.’ खलनायकांवर मात्र त्यांचा विलक्षण लोभ. त्यांच्या मते जुन्या चित्रपटांतला प्रत्येक खलनायक शेवटी सुधारतो. मी पुरावा मागितला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘एवढा शिकलेला माणूस, वीस मिनिटांत सुधारला नसेल होय?’ नवीन चित्रपट मुलाने घरी टीव्हीवर दाखवले, तेव्हा मामा खचलेच. हल्ली माणसं फार मरतात, आमच्या वेळी कोणी मरत नव्हतं, असं त्यांनी महिनाभर येईल त्याला सांगितलं.

मी कॉलेजात फिल्म क्लब चालवलेला माणूस. चुकीची माहिती ऐकली की माझ्या पोटात दुखतं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर मामा त्यांच्या सगळ्यात लाडक्या, नावाड्याच्या चित्रपटाबद्दल सांगत होते. वादळात नायक नाव घेऊन जातो, नायिका कंदील घेऊन धक्क्यावर उभी राहते, आणि पहाटे नाव परत येते. मी म्हटलं, ‘मामा, नाव परत येत नाही. तो बुडतो.’ मामांचा घास हातातच राहिला. मामींनी न विचारता माझ्या भातावर आणखी एक पळी वरण घातलं आणि माझं ऑफिस नेमकं कुठे आहे याची चौकशी सुरू केली. परतताना स्कूटरवर बायको नंदाखालपर्यंत बोलली नाही, आणि बोलायला लागली ती घर येईपर्यंत थांबली नाही. तेव्हा मला हा सगळा इतिहास कळला.

झालं होतं असं, की मामी नव्या नवरी होत्या तेव्हा एकत्र कुटुंबातून सुनेने टॉकीजला जाण्याची सोयच नव्हती. मग रविवारी बागेला पाणी देऊन मामा ओट्यावर येत आणि केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीच्या, दोऱ्याने गजरे बांधत बसलेल्या मामींना अख्खा चित्रपट सांगत. पहिल्याच वेळी नायिका धक्क्यावर उभी राहिली आणि मामा थांबले. मामींचे हातही थांबले. ‘मग?’ त्यांनी विचारलं. दोन महिन्यांच्या बायकोपुढे ‘मला माहीत नाही’ असं कोण म्हणेल? मामांनी नाव परत आणली. तेव्हापासून ते सगळ्यांनाच परत आणू लागले. घरात सासूसुनेचं वाजलं असेल त्या रविवारी चित्रपटातली सासू हमखास सुनेची क्षमा मागे. मामींना भुईगावला माहेरी जायला बरेच महिने मिळालं नव्हतं, तेव्हा नायिकेचा भाऊ तिला न्यायला आला, आणि पुढच्याच आठवड्यात मामा त्यांना स्वतः भुईगावला सोडून आले.

हे सगळं ऐकूनही माझं पोटदुखणं गेलं नाही, हे कबूल करायला आता लाज वाटते. गेल्या वर्षी मामांच्या पंचाहत्तरीला मी जाहीर केलं, की त्यांना नावाड्याचा चित्रपट शेवटासकट दाखवणार. रविवारी बरोबर तीनला मी माझा फोन त्यांच्या टीव्हीला जोडला. त्याआधी मामांनी मला वाडी दाखवायच्या निमित्ताने मागे नेलं होतं. एका घडाला उगाच हात लावत ते हळूच म्हणाले, ‘जावईबापू, हिने इतकी वर्षं माझं ऐकलंय. हिच्यासमोरच दाखवायला हवं का?’ मी हसून म्हटलं, ‘बघा तर खरं.’

चित्रपट सुरू झाला. मामा दाराजवळच्याच खुर्चीत बसले होते आणि पडद्यापेक्षा मामींकडे जास्त बघत होते. मध्यंतर नाही, जाहिराती नाहीत, त्यामुळे वादळ फारच लवकर आलं. नायिका कंदील घेऊन धक्क्यावर उभी राहिली तेव्हा घड्याळात पाचसुद्धा वाजले नव्हते. एवढ्यात मामींनी गजरा बाजूला ठेवला, रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

‘उठा,’ त्या मामांना म्हणाल्या, ‘साडेपाचची यष्टी जाईल.’

मामा उठले. पायांनी चपला चाचपल्या आणि पंप लावायला निघून गेले.

मी मामींच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. चहाचं आधण ठेवत त्या म्हणाल्या, ‘माहेरी पहिल्यांदा टीव्ही आला तेव्हाच पाहिलंय मी हे. बुडतो तो. दोन दिवस जेवण गेलं नाय मला. मग घरी आले आणि यांना म्हटलं, ते नावाड्याचं परत सांगा.’ त्यांनी कपात साखर घातली. ‘यांना कळू देऊ नका.’

मामा हात पुसत आत आले आणि दारातच उभे राहिले. त्यांनी मामींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘मग?’ त्यांनी विचारलं. ‘काय झालं शेवटी?’

‘नाव परत आली, मामा,’ मी म्हटलं. ‘पहाटे.’

‘सांगितलं नव्हतं?’ मामा मामींना म्हणाले, आणि खुर्ची ओढून चहाला बसले. मामींनी माझ्या कपात आणखी एक चमचा साखर घातली. मी ती एरवी घेत नाही. त्या चित्रपटाची शेवटची वीस मिनिटं मीही त्यानंतर पुन्हा पाहिलेली नाहीत.