भीतीची विशेषणं शिकवणारे काका

भीतीची इतकी बारकाईनं वर्गवारी करणारा दुसरा माणूस निलंग्यापासून थेट नांदेडपर्यंत सापडायचा नाही. माझ्या बायकोचे हे काका निलंग्यात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नाही. आणि शिकवण्यातही त्यांचा सगळा जीव विशेषणांवर, त्यातून भीतीच्या. "आपलं काय, भ्या वाटलं म्हटलं की संपलं," ते म्हणत. "इंग्रजीत तसं चालत न्हाई. भीती केवढी, ते बघून शब्द घ्यावा लागतो." परीक्षेआधी नर्व्हस, कुत्रं अंगावर आलं की स्केअर्ड, बैल उधळला की टेरिफाइड आणि हातपायच हलेनासे झाले की पेट्रिफाइड. एकदा न्हाणीत साप निघाला. काकू ओरडल्या, काका मात्र बाजेवर बसले होते तसेच राहिले. साप आपल्या वाटेनं गेल्यावर काकूंनी विचारलं, "अहो, उठला का न्हाईत?"

"पेट्रिफाइड होतो. त्यात उठता येत न्हाई."

शिकवणीला येणारी एक मुलगी एकदा चाचरत म्हणाली, "सर, आय अ‍ॅम स्केअरी." काका खूश झाले. "तू स्केअर्ड हायस, बाई. स्केअरी मी हाय. ज्याला भ्या वाटतं तो स्केअर्ड, ज्याचं वाटतं तो स्केअरी." 'अफ्रेड' नामाच्या आधी का येत नाही, याचंही उत्तर त्यांच्याकडं होतं: तो शब्दच भित्रा, पुढं उभा राहत नाही, मागं लपतो, पुढं उभं करायचं तर 'फ्रायटन्ड'ला बोलवा. लातूरच्या एसटीत आमचा ड्रायव्हर उसाच्या ट्रॉलीला मागं टाकत असताना समोरून ट्रक आला, तेव्हा पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी आवळून त्यांनी मला विचारलं, "आता कोणतं?" मी 'स्केअर्ड' म्हणालो. "कमी पडतंय," ते म्हणाले. दांडा काही सोडला नाही.

आमच्या भागात अधूनमधून जमिनीतून आवाज येतो. भांडी वाजतात, लोक रस्त्यावर येतात, अर्धा तास बोलतात आणि परत घरात जातात. एका दुपारी मी काकांकडं असताना असाच गडगडाट झाला आणि आम्ही दोघं बाहेर पळालो. सगळी गल्ली रस्त्यावर. काकांना एवढा मोठा वर्ग कधी मिळाला नसावा. किराणा दुकानदार टेरिफाइड, त्याचा भाऊ नुसताच नर्व्हस, असं वाटप सुरू झालं. तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "सर, काकू कुठं हायेत?"

काका थांबले. जमीन पुन्हा घुमली. ते अनवाणी घराकडं धावले, मागोमाग मी. काकू दाराची चौकट धरून आतल्या बाजूला उभ्या होत्या. गुडघे दुखरे, आणि त्या घराचा उंबरा चांगला वीतभर उंच.

"अहो, पाय उचलंना."

काकांनी त्यांना कमरेला धरून अक्षरशः उचललं आणि रस्त्यावर आणून बसवलं. शेजारणीनं तांब्या दिला. काकूंनी घोटभर पाणी घेतलं आणि साध्या आवाजात विचारलं, "मला इसरून गेलाव व्हय?"

"हाव," काका म्हणाले. "गेलो."

काकूंनी आणखी एक घोट घेतला. मग तांब्या पुढं केला. "बरं. तुमी बी प्या."

त्या दुपारी गल्लीत काही पडलं नाही. पण दुसऱ्या आठवड्यात काकांनी सुतार बोलावून दाराचा उंबरा काढून टाकला. "बिनउंबऱ्याचं घर कुठं असतंय का?" म्हणून काकू दोन दिवस जेवण वाढताना बोलल्या नाहीत.

दिवाळीत मी गेलो, तेव्हा काकू स्टुलावर बसून, वाकून, उंबरा होता तिथल्या सपाट फरशीवर रांगोळी काढत होत्या. काका भाजीची पिशवी घेऊन बाहेर निघाले. दारात क्षणभर थांबले, सवयीनं पाय चांगला वीतभर उचलला आणि रांगोळी ओलांडून रस्त्याला लागले.