पलंगाचा फोटो

फोटोवाल्याला माणसांचे फोटो काढायला आवडत नसे. माणसं हलतात, आणि वर स्वतःला सुंदर समजतात. त्याचा धंदा वस्तूंचा. पातेली, पंखे, चपला, इस्त्र्या, काय वाटेल ते; दुकानदार आणून देत आणि हा त्यांच्या जाहिरातींसाठी फोटो काढून देई. घराच्या पुढच्या खोलीत पांढरा कागद भिंतीवरून थेट जमिनीपर्यंत सोडलेला, दोन बाजूंना दोन दिवे, मध्ये एखादं पातेलं ऐटीत बसलेलं. त्याला चकाकी यावी म्हणून हा तेलाचं बोट फिरवायचा, चपलेत कागदाचे बोळे कोंबायचा, आणि असले फोटो बघून वस्तू घेणाऱ्यांना मनातल्या मनात गाढव म्हणायचा.

फसलेल्या माणसांचा तर त्याला तिटकारा होता. समोरच्या शिंप्याने मोबाइलवरून घड्याळ मागवलं आणि खोक्यातून साबणाची वडी निघाली, तेव्हा हा आठवडाभर त्याला येता-जाता "किती वाजले हो?" म्हणून विचारत होता. शेजारच्या मास्तरीणबाईंची अशीच एक साडी आली नाही. त्या बिचाऱ्या सल्ला विचारायला आल्या, तर हा तोंडावर म्हणाला, "दुकानाला पत्ता नाही, फोन उचलायला माणूस नाही, पैसे आधी मागतात आणि तेही कुणाच्या तरी खासगी खात्यात. शेळीलासुद्धा संशय आला असता, बाई." म्हणणं खरं होतं. त्या बाई मात्र पुन्हा त्याच्या घराची पायरी चढल्या नाहीत.

पण त्याचा सगळ्यात मोठा राग मेहुण्यावर. बायकोचा हा थोरला भाऊ नळाच्या सामानाच्या दुकानात कारकून होता आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशा थाटात वावरायचा. गेली पंधरा वर्षं चारचौघांत तो ओळख करून द्यायचा, "हे आमचे भावजी. भांड्यांचे फोटो काढतात." आणि मग स्वतःच हसायचा. त्या हसण्याचं उट्टं कधी काढता येईल याची फोटोवाला वाट बघत होता.

त्यातच सासरे न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "खाली, बुटक्या जागी बसवायचं-झोपवायचं नाही, सांधा निखळेल. वर-खाली होणारा पलंग आणा, मगच घरी न्या." मेहुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून म्हाताऱ्याला लेकीकडे आणायचं ठरलं. शनिवारी दुपारी. "पलंगाचं माझ्याकडे लागलं," मेहुणा छाती काढून म्हणाला.

मंगळवारी तो मोबाइल नाचवत आला. "बघा भावजी, अगदी नवं मॉडेल! सत्तर टक्के सूट. दोनच पलंग उरलेत, आणि ही वेळ पळतेय बघा, अकरा मिनिटं राहिली. काय म्हणता, घेऊन टाकू?"

फोटोवाल्याने फोटो मोठा करून पाहिला. त्याचाच होता. आठ वर्षांपूर्वी पलंगांच्या एका कारखान्यात काढलेला. पलंगाच्या चकचकीत दांडीत त्याचा स्वतःचा पिवळा चौकड्यांचा शर्ट नखाएवढा उमटला होता, आणि त्यावरून कारखानदाराने त्याला फैलावर घेतलं होतं. तो कारखाना बंद होऊन पाच वर्षं झाली. म्हणजे हा पलंग कुठेच नव्हता. कुणा लुच्च्याने फोटो उचलून दुकान थाटलं होतं.

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. पण त्याने मेहुण्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते गिळलं. पडू दे गड्याला तोंडघशी, त्याला वाटलं. भाड्याचा पलंग काय, तासाभरात आणता येईल. तसा तो खरंच मिळेल का, हे विचारायचे कष्ट मात्र त्याने घेतले नाहीत. दुसऱ्याला शेळी म्हणणाऱ्याची ही अक्कल.

"तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगणार?" तो म्हणाला. मेहुण्याने तिथल्या तिथे पैसे भरले.

शुक्रवारी यायचा पलंग आलाच नाही. शनिवारी सकाळपासून मेहुणा दुकानाला फोन लावत होता. नंबर बंद. दुकानाचं पानही गायब. भाड्याने पलंग देणाऱ्याने सांगितलं, सोमवारशिवाय एकही मोकळा नाही. डॉक्टरांना कळवावं म्हणून बायकोने फोन उचलला, तोवर दवाखान्याची गाडी दारात उभी राहिली. मेहुणा घामाघूम होऊन खुर्चीत बसला होता. फोटोवाल्याला वाटलं, हीच वेळ. त्याने कॉम्प्युटर उघडून जुना फोटो पडद्यावर लावला.

"बघा, जाणकार! हा फोटो माझा. आठ वर्षांपूर्वीचा. हा शर्ट ओळखलात? बघताक्षणी कळलं होतं मला."

बायको दारापाशी उशी घेऊन उभी होती. तिने पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"बघताक्षणी म्हणजे कधी?"

तो पडद्यावरचा फोटो बंद करू लागला.

"मंगळवारी दादाने विचारलं होतं तुम्हाला. मी चहा करत होते, ऐकलंय मी. तेव्हा कळलं होतं?"

मेहुण्याने मान वर करून त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याचं ते पाहणं पंधरा वर्षांच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

गाडीवाल्याने म्हाताऱ्याला काखेत धरून उंबऱ्यापर्यंत आणलं. त्याचे पाय लटपटत होते, चेहरा पांढराफटक पडला होता. आत काय झालंय त्याला ठाऊक नव्हतं. मुलगा पुढे झाला, तसा तो त्याही अवस्थेत करवादला, "तू नको रे, तुला एक काम धड जमत नाही. जावईबापू, तुम्ही धरा मला. तुमच्यावर माझा भरवसा आहे."

फोटोवाल्याने हात पुढे केला. बायकोने तो बाजूला सारला.

"नाही बाबा," ती म्हणाली, "दादाच धरेल."