शेवटचंच नाव निळं

वडशाच्या बाजारात माझं इंटरनेटचं दुकान होतं, तेव्हा सगळ्यांचे अर्ज मीच भरायचो. गिऱ्हाईक मागं उभं राहून कागद वाचायचं आणि मी टकाटक बटणं दाबायचो. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, आणि मला मुळातच घाई फार. शहाणपणाही फार.

जवळच्या खेड्यातली एक मुलगी नर्सच्या नोकरीचा अर्ज भरायला आली. आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली, घरात तिसरं कोणी नाही. अर्जात तालुक्यांची यादी उघडायची आणि हवी तितकी नावं निवडायची. तिनं जवळचे तीनच तालुके लिहून आणले होते. "आणखी एखादा टाका, बाई. कुठी तरी लागन," असं म्हणून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं सिरोंचा मीच टाकायला लावलं.

एकाहून जास्त नावं निवडायची तर कंट्रोलची कळ दाबून धरावी लागे, नाहीतर नवं नाव निवडलं की आधीचं सुटे. मला हे पाठ होतं. पण पंख्याच्या वाऱ्यानं तिची गुणपत्रिका उडत होती. डावा हात त्या कागदावर ठेवून मी नुसता माउस चालवला.

"भाऊ, शेवटचंच नाव निळं दिसून राह्यलं. बाकीचे काऊन नाई?"

"असंच दिसते ते," मी म्हणालो आणि अर्ज पाठवून दिला.

दोन महिन्यांनी ती सिरोंच्याचा आदेश घेऊन आली. मी तिचा अर्ज उघडून पाहिला. तालुका एकच.

"इथी माह्ये मार्क कमी पडले असतीन ना?" तिनं विचारलं.

खरं सांगितलं असतं तर तिला कार्यालयात दुरुस्ती मागता आली असती. पण चूक माझी, असं मला लिहून द्यावं लागलं असतं, आणि बाजारात दुकानाची अब्रू गेली असती.

"असतीन," मी म्हणालो.

"मंग आईले घेऊनच जातो."

जीपच्या मागच्या सीटवर आईला निजवून ती गेली. रस्ता कसा होता ते मला ठाऊक होतं. पावसाळ्यात आई तिथंच वारली, असं तिच्या गावच्या एका माणसानं दुकानात येऊन सांगितलं.

"तुमचं लय नाव घेते पोरगी," तो म्हणाला. "भाऊनं सिरोंचा टाकलं म्हणून पोटाले लागलो, म्हणते."

मी त्याच्यासाठी चहा सांगितला.